मेंदूतील संयमनाचा दूत : सोमॅटोस्टॅटिन आणि वार्धक्यातील स्मृतिनाश

वार्धक्यात स्मृती क्षीण होते, ही गोष्ट आपल्या शास्त्राला नवी नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात वयाचे विभाग सांगताना जीर्ण वयात धातू, इंद्रिये आणि बल यांच्याबरोबरच ग्रहण, धारण, स्मरण, वचन व विज्ञान यांचीही हानी होते, असे स्पष्टपणे नमूद केले आहे. हा काळ वातप्रधान मानला आहे. तथापि वयोमानाने येणारे सामान्य विस्मरण आणि व्याधिस्वरूप स्मृतिनाश यांत भेद आहे, आणि वृद्धाला घेऊन वैद्याकडे येणाऱ्या कुटुंबाला नेमका हाच भेद जाणून घ्यावयाचा असतो. राष्ट्रव्यापी पाहणीच्या आधारे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतातील साठ वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्तींपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोक डिमेन्शियाने ग्रस्त आहेत. यांपैकी पुष्कळ जण कधी ना कधी आपल्या चिकित्सालयाची पायरी चढतात अथवा आपल्या औषधालयातून मेध्य कल्प नेतात.

या व्याधींमध्ये अल्झायमरचे प्रमाण सर्वाधिक. अल्झायमरविषयी वाचताना अ‍ॅसिटिलकोलीनची उणीव आणि अमायलॉइड प्रथिनाचा संचय या दोन गोष्टी आपल्या परिचयाच्या झाल्या आहेत. तिसरी गोष्ट मात्र तितकीशी परिचित नाही. मेंदूत सोमॅटोस्टॅटिन नावाचे पेप्टाइड निर्माण करणाऱ्या चेतापेशींचा एक वर्ग आहे. या पेशी अल्झायमरमध्ये इतर बहुसंख्य पेशींच्या आधी नष्ट होऊ लागतात, असे अलीकडील संशोधनातून दिसून आले आहे. प्रस्तुत लेखात या पेशींचे कार्य, त्यांचा क्षय आणि त्यातून आयुर्वेदीय चिकित्सकाने व औषधनिर्मात्याने घ्यावयाचा बोध यांचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

शोधाचा इतिहास

हायपोथॅलॅमसच्या अर्कात वृद्धिसंप्रेरकाचा स्राव रोखणारे काहीतरी असावे, अशी शंका १९६८ मध्येच व्यक्त झाली होती. ते द्रव्य प्रत्यक्ष हाती लागले १९७३ मध्ये. अमेरिकेतील साल्क संस्थेत रॉजर गिलेमिन यांच्या प्रयोगशाळेत पॉल ब्राझो आणि त्यांचे सहकारी मेंढ्यांच्या हायपोथॅलॅमसपासून वृद्धिसंप्रेरकाचा स्राव वाढविणारे द्रव्य शोधत होते. हाती आले ते नेमके उलट गुणाचे. चौदा अमिनो आम्लांची ही लहानशी साखळी एका गंधकबंधाने वलयाकार झालेली असते. शरीराच्या वाढीला थांबविणारे, या अर्थी तिला सोमॅटोस्टॅटिन हे नाव मिळाले. पुढे अठ्ठावीस अमिनो आम्लांचे तिचे दुसरे रूपही आढळले. मेंदूतील पेप्टाइड संप्रेरकांवरील कार्याबद्दल गिलेमिन आणि अँड्र्यू शॅली यांना १९७७ च्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग मिळाला. उरलेला अर्धा भाग अशी सूक्ष्म द्रव्ये रक्तात मोजण्याची पद्धत विकसित करणाऱ्या रोझलिन यालो यांना देण्यात आला.

औषधनिर्मात्यांना स्वारस्य वाटेल अशी आणखी एक घटना त्याच वर्षी घडली. प्रयोगशाळेत जोडलेले जनुक ई-कोलाय या जीवाणूत घालून त्याच्याकडून मानवी पेप्टाइड तयार करवून घेण्याचा पहिला यशस्वी प्रयोग १९७७ मध्ये झाला, आणि ते पेप्टाइड सोमॅटोस्टॅटिनच होते. त्याच मार्गाने पुढील वर्षी मानवी इन्शुलिन तयार झाले. आज मधुमेहाचे रुग्ण वापरतात त्या मानवी इन्शुलिनच्या निर्मितीची वाट या चौदा अमिनो आम्लांच्या रेणूने मोकळी करून दिली, असे म्हणावयास हरकत नाही.

एकच द्रव्य, अनेक अधिष्ठाने

आरंभी हे द्रव्य केवळ हायपोथॅलॅमस आणि पीयूषिका ग्रंथी यांपुरते मर्यादित आहे, असे वाटले होते. लवकरच ते आमाशयात, आंत्रात, अग्न्याशयात आणि मेंदूच्या बाह्यकातही आढळले. आमाशयातील डी-पेशी सोमॅटोस्टॅटिन स्रवून गॅस्ट्रिनचा आणि त्यायोगे अम्लाचा अतिस्राव रोखतात. हेलिकोबॅक्टर पायलोरी या जीवाणूच्या संसर्गात सोमॅटोस्टॅटिन कमी पडते व गॅस्ट्रिन वाढते. ग्रहणीतील व्रणाची संप्राप्ती समजून घेताना हा मुद्दा महत्त्वाचा ठरला आहे. अग्न्याशयातील डेल्टा-पेशी याच द्रव्याद्वारे इन्शुलिन आणि ग्लुकागॉन या परस्परविरोधी संप्रेरकांना आवर घालतात. कोठेही पाहिले तरी या द्रव्याचे काम एकच, वाजवीपेक्षा अधिक होऊ पाहणाऱ्या क्रियेचे संयमन.

हे संयमन ग्राहींमार्फत होते. सोमॅटोस्टॅटिनचे पाच प्रकारचे ग्राही असून त्यांची जनुके १९९२ आणि १९९३ या दोन वर्षांत ओळखली गेली. पेशीच्या आवरणावरील या ग्राहींशी सोमॅटोस्टॅटिन जोडले गेले की पेशीतील चक्रीय एएमपीची निर्मिती मंदावते, पोटॅशियमच्या वाहिन्या उघडतात, कॅल्शियमच्या वाहिन्या मिटतात, आणि परिणामी ती पेशी शांत होते. दुसऱ्या व पाचव्या प्रकारचे ग्राही पीयूषिका व अग्न्याशय यांच्या दृष्टीने महत्त्वाचे. मेंदूच्या बाह्यकात आणि स्मृतीशी निगडित अशा हिप्पोकॅम्पस या भागात पहिला, दुसरा, तिसरा व चौथा या प्रकारांचे ग्राही निरनिराळ्या पेशींवर निरनिराळ्या प्रमाणात असतात. तिसऱ्या प्रकारचा ग्राही चेतापेशीच्या अंगावरील एकाच सूक्ष्म रोमावर एकवटलेला असतो. तो नसलेल्या उंदरांना पूर्वी पाहिलेली वस्तू ओळखणे जड जाते.

येथे एक भेद ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. सोमॅटोस्टॅटिन निर्माण करणारी चेतापेशी वेगळी आणि त्याचा ग्राही धारण करणारी चेतापेशी वेगळी. पहिली संदेश देणारी, दुसरी तो घेणारी. व्याधीमध्ये देणारी नष्ट होऊ शकते, घेणारी बधिर होऊ शकते किंवा दोन्ही घडू शकते. चिकित्सेची दिशा कोणती, हे या भेदावर अवलंबून आहे.

मेंदूतील कार्य

मेंदूच्या बाह्यकातील बहुसंख्य चेतापेशी उत्तेजक स्वरूपाच्या असतात. पिरॅमिडच्या आकाराच्या या पेशी दूरवर संदेश पाठवितात. त्यांच्यामध्ये विखुरलेल्या अल्पसंख्य पेशी गाबा या द्रव्याद्वारे त्यांना आवर घालतात. उंदराच्या बाह्यकातील अशा अवरोधक पेशींपैकी सुमारे ३० टक्के पेशी सोमॅटोस्टॅटिनयुक्त असतात. त्यांतील प्रमुख प्रकाराला मार्टिनोटी पेशी म्हणतात. कार्लो मार्टिनोटी यांनी १८८९ मध्ये त्यांचे वर्णन केले, त्या वेळी सोमॅटोस्टॅटिनची कोणाला कल्पनाही नव्हती. या पेशींचा अक्षतंतू बाह्यकाच्या अगदी वरच्या थरापर्यंत चढून तेथे पसरतो आणि पिरॅमिड पेशींच्या वृक्षिकांच्या टोकांवर गाबा सोडतो.

वृक्षिकांची टोके म्हणजे संदेश घेण्याची द्वारे होत. दुसऱ्या एका प्रकारच्या अवरोधक पेशी पिरॅमिड पेशीच्या मुख्य देहावर काम करून तिने संदेश केव्हा पाठवावा हे ठरवितात. सोमॅटोस्टॅटिनयुक्त पेशी मात्र तिने कोणता संदेश आत घ्यावा आणि कोणता घेऊ नये, याचे नियमन करतात. दारावर बसलेल्या जाणत्या माणसाने कोणाला आत सोडावे हे ठरवावे, तसे हे काम आहे. विशेष म्हणजे या संयमकांनाही आवर घालणाऱ्या पेशींचा तिसरा वर्ग आहे. लक्ष देण्याच्या किंवा नवे शिकण्याच्या क्षणी तो वर्ग सोमॅटोस्टॅटिनयुक्त पेशींना थोडा काळ थांबवितो, दार उघडते आणि नवे ज्ञान आत येते. शिकणे झाले की दार पुन्हा लागते. ग्रहण आणि धारण या दोन क्रियांसाठी दार उघडणे आणि लावणे दोन्ही आवश्यक आहेत.

निद्रेशीही या पेशींचा संबंध आहे. गाढ निद्रेत मेंदूच्या विद्युत् आलेखावर ज्या मंद लहरी उमटतात, त्यांच्या निर्मितीत बाह्यकातील सोमॅटोस्टॅटिनयुक्त पेशी भाग घेतात, असे उंदरांवरील प्रयोगांतून दिसले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार मेंदूच्या पुढील भागातील अशाच पेशी निद्रेपूर्वीची तयारी, उंदराच्या बाबतीत घरटे सारखे करण्यासारखे वर्तन, आणि त्यानंतरची निद्रा या दोहोंना चालना देतात. निद्रेला उपस्तंभांपैकी एक मानणाऱ्या वैद्यवर्गाला हे वाचून आनंद वाटावा, हे स्वाभाविक आहे.

अल्झायमरमधील क्षय

अल्झायमरने मृत्यू पावलेल्यांच्या मेंदूच्या बाह्यकात सोमॅटोस्टॅटिन लक्षणीय प्रमाणात कमी असते, हे पीटर डेव्हिस, रॉबर्ट कॅट्झमन आणि रॉबर्ट टेरी यांनी १९८० मध्ये दाखवून दिले. रुग्णांच्या मस्तिष्कमेरुद्रवातही त्याचे प्रमाण घटलेले आढळले. १९८५ मध्ये तीन महत्त्वाचे निष्कर्ष पाठोपाठ प्रसिद्ध झाले. एका गटाला सोमॅटोस्टॅटिनयुक्त पेशींमध्ये अल्झायमरचे वैशिष्ट्य असलेले प्रथिनांचे गुंते आढळले. दुसऱ्या गटाला अमायलॉइडच्या संचयांमध्ये या पेशींचे विकृत तंतू दिसले. तिसऱ्या गटाने ललाटखंड व शंखखंड यांच्या बाह्यकातील सोमॅटोस्टॅटिनचे ग्राहीही कमी झाल्याचे दाखविले. म्हणजे देणारा आणि घेणारा, दोघांचीही हानी.

त्यानंतर बराच काळ संशोधनाचा प्रवाह अमायलॉइडकडे वळला. या दोन विषयांना जोडणारा दुवा २००५ मध्ये जपानमधील रिकेन संस्थेतून पुढे आला. ताकाओमी साइदो यांच्या गटाने असे दाखविले की, सोमॅटोस्टॅटिन मेंदूतील नेप्रिलायसिन या विकराची क्रिया वाढविते, आणि हे विकर अमायलॉइडचे विघटन करणाऱ्या प्रमुख विकरांपैकी एक आहे. सोमॅटोस्टॅटिन नसलेल्या उंदरांच्या मेंदूत अमायलॉइडचे घातक रूप वाढले. वयाबरोबर मेंदूतील सोमॅटोस्टॅटिन घटते, हे ध्यानात घेतले तर वार्धक्य आणि अमायलॉइडचा संचय यांचा एक संभाव्य संबंध येथे दृष्टीस पडतो. मलाचे शोधन करणारी यंत्रणाच मंदावली, तर निर्मिती पूर्वीएवढीच असूनही संचय होणारच.

गेल्या काही वर्षांत एकेका पेशीचे जनुकीय परीक्षण करण्याचे तंत्र उपलब्ध झाल्याने चित्र अधिक स्पष्ट झाले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ४२७ व्यक्तींच्या मरणोत्तर मेंदूवरील अमेरिकन अभ्यासात एक लक्षणीय गोष्ट आढळली. ज्यांची बुद्धी अखेरपर्यंत शाबूत राहिली, त्यांच्या मेंदूच्या पुढील भागात काही अवरोधक पेशी अधिक टिकून होत्या, आणि त्यांत सोमॅटोस्टॅटिनयुक्त पेशींचा समावेश होता. २०२४ मध्ये सिएटल येथील अ‍ॅलन संस्था आणि तिच्या सहयोगी संस्थांनी ८४ दात्यांच्या शंखखंडातील पेशींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या मते व्याधीचे दोन टप्पे दिसतात. पहिल्या टप्प्यात विकृत प्रथिने हळूहळू वाढत असतात आणि रुग्णाची स्मृती बाह्यतः बरी असते. याच टप्प्यात सोमॅटोस्टॅटिनयुक्त पेशी कमी होऊ लागतात. दुसऱ्या टप्प्यात विकृती वेगाने वाढते, उत्तेजक पेशी व अन्य अवरोधक पेशी नष्ट होतात आणि लक्षणे व्यक्त होतात.

आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर हा संचय आणि प्रकोप यांचा काळ आहे, व्यक्तीभाव अजून दूर आहे. संयमन ढळले की उत्तेजक पेशी अतिकार्य करू लागतात. चेतापेशींची क्रिया वाढली की अमायलॉइडचा स्रावही वाढतो, हे प्राण्यांवरील प्रयोगांत सिद्ध झाले आहे. अमायलॉइड पुन्हा संयमक पेशींना अपाय करते. असे हे दुष्टचक्र असावे, अशी अनेक संशोधकांची धारणा आहे. अल्झायमरच्या रुग्णांत अपस्माराचे वेग समवयस्क निरोगी व्यक्तींपेक्षा अधिक प्रमाणात आढळतात, या वस्तुस्थितीशी ती सुसंगत आहे.

अन्य व्याधी

प्रत्येक मस्तिष्कक्षयात या पेशींची अशीच स्थिती होते, असे मात्र नाही. हंटिंग्टनच्या व्याधीत मेंदूच्या गाभ्यातील स्ट्रायटम या भागातील बहुसंख्य पेशी नष्ट होत असताना तेथील सोमॅटोस्टॅटिनयुक्त पेशी टिकून राहतात, असे १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत आढळले. पार्किन्सनच्या रुग्णांपैकी ज्यांची बुद्धीही क्षीण झाली होती, त्यांच्या बाह्यकात सोमॅटोस्टॅटिन कमी आढळले. शंखखंडजन्य अपस्मारात हिप्पोकॅम्पसमधील अशा पेशींचा ऱ्हास सर्वज्ञात आहे. दीर्घकालीन विषादाच्या रुग्णांतही त्यांच्या कार्यात घट झाल्याचे पुरावे आहेत. यावरून एवढे दिसते की, सोमॅटोस्टॅटिनची उणीव हे कोणत्याही एका व्याधीचे प्रत्यात्म लक्षण नव्हे. अधिष्ठान कोणते आणि सहभागी कारणे कोणती, यांवर व्याधीचे स्वरूप ठरते. केवळ एका घटकाच्या न्यूनतेवरून व्याधीचे नाव निश्चित करता येत नाही, हा आपल्याही निदानशास्त्राचा दंडक आहे.

मग सोमॅटोस्टॅटिनच का देऊ नये?

हा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. नैसर्गिक सोमॅटोस्टॅटिन रक्तात दोन-तीन मिनिटांतच विघटित होते. म्हणून ऑक्ट्रिओटाइड, लॅनरिओटाइड यांसारखी दीर्घकाळ टिकणारी कृत्रिम रूपे तयार झाली. वृद्धिसंप्रेरकाच्या आधिक्याने होणारा अ‍ॅक्रोमेगली हा विकार, आंत्र व अग्न्याशयातील संप्रेरक स्रवणारी अर्बुदे, यकृद्विकारात अन्ननलिकेतील शिरा फुटून होणारा रक्तस्राव, अशा ठिकाणी त्यांचा उपयोग होतो. याच तत्त्वावर सोमॅटोस्टॅटिनसदृश रेणूला किरणोत्सारी ल्युटेशियम जोडून अर्बुदाच्या ग्राहींपर्यंत पोहोचविण्याची चिकित्सा मुंबईत परळ येथील रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये केली जाते.

मेंदूच्या बाबतीत मात्र मार्ग खडतर आहे. १९८० च्या दशकात अल्झायमरच्या थोड्या रुग्णांना सोमॅटोस्टॅटिनसदृश पेप्टाइड शिरेवाटे देऊन पाहण्यात आले, परंतु स्मृतीत सुधारणा दिसली नाही. अशी पेप्टाइडे रक्त आणि मेंदू यांमधील अवरोध ओलांडून पुरेशा प्रमाणात आत जात नाहीत, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण अधिक मूलगामी आहे. चेतापेशी कोणत्या क्षणी, कोणत्या वृक्षिकेवर, किती द्रव्य सोडावयाचे हे ठरविते. रक्तातून सर्वत्र सारखेच द्रव्य पसरविल्याने ते कार्य सिद्ध होत नाही. म्हणून नेप्रिलायसिनला चालना देणारे विशिष्ट ग्राही निवडून त्यांवरच कार्य करतील अशी लहान रेणूंची औषधे शोधण्याकडे संशोधकांचा कल आहे. या क्षय पावणाऱ्या पेशी माणसात वाचविते असे सिद्ध झालेले औषध आज कोणत्याही चिकित्सापद्धतीकडे नाही.

आयुर्वेदीय दृष्टी आणि तिची मर्यादा

असा नवा विषय समोर आला की त्यातील प्रत्येक रेणूला संहितेतील एखादे नाव जोडण्याचा मोह होतो. सोमॅटोस्टॅटिन म्हणजेच तर्पक कफ, नेप्रिलायसिन म्हणजेच साधक पित्त, अशी समीकरणे व्याख्यानांतून ऐकू येऊ लागली तर आम्हांस आश्चर्य वाटणार नाही. अशा समीकरणांनी ना रेणूचे ज्ञान वाढते, ना दोषाचे. दोष ही कार्यावरून अनुमानाने जाणावयाची संकल्पना आहे. सोमॅटोस्टॅटिन आमाशयात अम्ल रोखते, अग्न्याशयात इन्शुलिन रोखते आणि मेंदूत उत्तेजना रोखते. त्यास एका दोषाच्या एका भेदात बसविणे शास्त्राला धरून होणार नाही.

साम्य शोधावयाचेच असेल तर ते तत्त्वाच्या पातळीवर शोधावे. चरकाने वातकलाकलीय अध्यायात मनाला आवरणे आणि मनाला प्रवृत्त करणे ही दोन्ही कार्ये वायूकडेच सोपविली आहेत. ज्ञानव्यापारात प्रेरणेइतकेच नियमनाला महत्त्व आहे, ही दृष्टी त्यात आहे. धृती या शक्तीचे वर्णनही नियमनाच्या अंगानेच केले आहे, आणि धी, धृती व स्मृती यांचा भ्रंश प्रज्ञापराधाच्या मुळाशी मानला आहे. स्मृतीच्या ऱ्हासाआधी संयमनाचा ऱ्हास होतो, हे आजच्या संशोधनाचे निरीक्षण या विचाराशेजारी ठेवून पाहण्याजोगे आहे. शेजारी ठेवणे निराळे आणि एकाने दुसरे सिद्ध झाले असे म्हणणे निराळे.

मेध्य रसायनांविषयीही हाच विवेक हवा. मण्डूकपर्णीचा स्वरस, क्षीरासह यष्टिमधूचे चूर्ण, गुडूचीचा स्वरस आणि शंखपुष्पीचा कल्क हे चार योग चरकाने सांगितले आहेत. ब्राह्मीवर आधुनिक पद्धतीनेही काम झाले आहे. ऑस्ट्रेलियात २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४६ निरोगी व्यक्तींचे दोन गट करून एका गटास ब्राह्मीचा अर्क रोज ३०० मिलिग्रॅम असा बारा आठवडे दिला असता त्या गटात शिकण्याच्या वेगात व काही बौद्धिक चाचण्यांत सुधारणा आढळली. हा पुरावा मोलाचा आहे. परंतु तो निरोगी व्यक्तींतील आहे. त्यावरून अल्झायमरमधील नष्ट पेशी पुन्हा उत्पन्न होतात, असा निष्कर्ष काढता येत नाही.

चिकित्सालयात आणि औषधालयात

आता व्यवहाराकडे वळू. विस्मरणाची तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येक वृद्धास थेट मेध्य कल्प सुरू करणे उचित नव्हे. बी-१२ जीवनसत्त्वाची न्यूनता, थायरॉइडचे मांद्य, विषाद, डोक्यास मार लागून कवटीच्या आत हळूहळू साचलेले रक्त, निद्रा आणणाऱ्या गोळ्यांचे दीर्घ सेवन आणि श्रवणशक्तीचा ऱ्हास ही सर्व कारणे स्मृतिनाशाचा आभास किंवा प्रत्यक्ष स्मृतिनाश उत्पन्न करू शकतात, आणि यांपैकी बहुतेक उपचारसाध्य आहेत. ही कारणे तपासून न पाहता गेलेले सहा महिने रुग्णास परत मिळत नाहीत. काही तासांत वा दिवसांत अचानक भ्रम उत्पन्न झाला असेल, तर ती आत्ययिक अवस्था समजून रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे.

दुसरा मुद्दा आपल्याच औषधांचा. धत्तूरातील द्रव्ये अ‍ॅसिटिलकोलीनचे कार्य रोखतात, आणि अल्झायमरमध्ये त्याचीच उणीव असते. म्हणून श्वासासाठी कनकासवासारखा धत्तूरयुक्त कल्प देताना वृद्धाच्या स्मृतीची व मूत्रप्रवृत्तीची विचारपूस अवश्य करावी. स्मृतिसागर रसासारखे पारद, हरताल व मनःशिला यांचे कल्प वृक्कांचे कार्य मंदावलेल्या वृद्धांत योजताना तर अधिकच सावध असावे.

तिसरा मुद्दा अपस्माराचा. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील संशोधकांनी १९९२ मध्ये एक महत्त्वाचे निरीक्षण प्रसिद्ध केले. फेनिटॉइन घेणाऱ्या रुग्णांनी शंखपुष्पीच्या नावाचा एक बहुद्रव्यी कल्प सुरू केल्यावर आटोक्यात असलेले वेग पुन्हा येऊ लागले होते. उंदरांवरील प्रयोगात त्या कल्पाने रक्तातील फेनिटॉइनचे प्रमाण घटविले. स्मृतिनाशाच्या रुग्णांत अपस्माराची शक्यता अधिक असते, हे आपण वर पाहिलेच. तेव्हा मेध्य कल्प देण्यापूर्वी रुग्ण कोणती औषधे घेतो, हे विचारून नोंदवून ठेवणे हा शिष्टाचार नसून चिकित्सेचा भाग आहे. ऑक्ट्रिओटाइडची इंजेक्शने दीर्घकाळ घेणाऱ्या रुग्णांत पित्ताश्मरी, स्निग्ध मलप्रवृत्ती व रक्तशर्करेतील चढउतार संभवतात. अशा रुग्णाचे अग्निमांद्य केवळ दोषज समजून चालणार नाही.

औषधनिर्मात्यांस दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. पहिली द्रव्याच्या ओळखीची. ब्राह्मी या नावाने बाजारात बॅकोपा मोनिएरी आणि सेंटेला एशियाटिका या दोन भिन्न वनस्पती येतात. महाराष्ट्रात पहिलीला नीरब्राह्मी म्हणण्याचाही प्रघात आहे. शंखपुष्पीच्या नावाने तर चार निरनिराळ्या वनस्पती प्रचारात आहेत. ब्राह्मीवरील अभ्यासाचा आधार घेऊन मण्डूकपर्णी विकणे हे रुग्णाशी प्रामाणिक वर्तन नव्हे. दुसरी गोष्ट जाहिरातीची. औषधे आणि जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४ याच्या परिशिष्टात मेंदूचे विकार समाविष्ट असून ते बरे करण्याचा दावा करणारी जाहिरात हा अपराध ठरतो. मेंदूच्या पेशी पुनरुज्जीवित करणारे, अल्झायमर उलटविणारे अशी वाक्ये वेष्टनावर छापण्यापूर्वी, ज्यांच्या मेंदूतील पेशी वर्षानुवर्षे निमूटपणे नष्ट होत आहेत अशा वृद्धाचे कुटुंब ते वाक्य कसे वाचेल, याचाही विचार व्हावा. त्या वाक्याच्या भरवशावर पैसा खर्च होतो, आणि पैशाहून अधिक मोलाचा काळ निघून जातो.

वैद्याच्या हाती काय आहे?

हाती काहीच नाही, असे मानण्याचे कारण नाही. क्षय लक्षणांच्या कितीतरी आधी सुरू होतो, हे या संशोधनाचे सार आहे. त्यामुळे खरी संधी मध्यम वयात आहे. रक्तदाब व मधुमेह यांचे नियंत्रण, धूम्रपान व मद्य यांचा त्याग, नियमित व्यायाम, श्रवणदोषावर वेळीच उपाय आणि लोकसंपर्क यांनी डिमेन्शियाचा धोका कमी होतो, यावर आज व्यापक एकमत आहे. दिनचर्या, ऋतुचर्या, सद्वृत्त आणि रसायन यांचा उपदेश करणाऱ्या वैद्याला हे काम परके नाही. रसायनाचा काल पूर्ववयात किंवा मध्यवयात सांगितला आहे, त्यामागील दूरदृष्टी येथे पुन्हा पटते. निद्रेची चौकशी प्रत्येक मध्यमवयीन रुग्णाकडे करावी, आणि तिच्या तक्रारीस दुय्यम मानू नये.

संशोधनाचे क्षेत्रही मोकळे आहे. आपल्या महाविद्यालयांतील पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी मेध्य रसायनांवर प्रबंध लिहिताना केवळ प्रश्नावलीवर न थांबता गाढ निद्रेतील मंद लहरींचे आलेखन, प्रमाणित स्मृतिचाचण्या आणि औषधाची वनस्पतिशास्त्रीय ओळख यांची जोड द्यावी. नियंत्रित गट ठेवावा. निष्कर्ष प्रतिकूल आला तरी तो प्रसिद्ध करावा. अशा दहा प्रबंधांनी जे साधेल, ते शंभर जाहिरातींनी साधणार नाही.

कुटुंब जेव्हा विचारते, वैद्यराज, यांची स्मृती परत येईल का, तेव्हा उत्तर सत्य असावे आणि आधार देणारेही असावे. साध्य कारणे आधी शोधू, निद्रा, आहार व औषधे यांची घडी बसवू, जे परत येणार नाही त्याचे आश्वासन देणार नाही, आणि जे टिकविता येईल ते टिकविण्यासाठी आपल्याबरोबर राहू, एवढे सांगणारा वैद्य त्या घराला हवा आहे. साध्यासाध्यतेचा विवेक हा आपल्या शास्त्राचा अलंकार आहे. नव्या ज्ञानाच्या प्रकाशात तो अधिक तेजस्वी व्हावा, अशी आमची सर्व वैद्यबंधू-भगिनींना आणि औषधालयांच्या चालकांना विनंती आहे.